त्याचीच पिशवी लाव

प्रिय ठोंब्या,

चव्वेचाळीस वर्षांच्या, पोरीचा बाप असलेल्या, स्वतःचं वर्कशॉप चालवणाऱ्या माणसाला असं म्हणू नये, हे मला कळतं. पण सहा वर्षं तुला कुठल्याच नावाने हाक मारली नाही. साठलेलं आहे, ते वापरून घेते. अक्षराला हसू नकोस. तळहातांची कातडी सोलून निघालीय, बोटांना पट्ट्या आहेत, म्हणून पेन मुठीत धरलंय, बालवाडीतल्या पोरासारखं. तोंडात फोड आहेत, बोलायला गेलं की रक्त येतं. तू रोज काचेपलीकडून हातवारे करतोस आणि मी मान हलवते, तेव्हा तुला वाटतं मला सगळं समजलं. खरं सांगू? निम्मंही कळत नाही. काल दोन बोटं दाखवून काय सांगत होतास, देव जाणे.

सकाळपासून लिहितेय, थांबत थांबत. सिस्टरना सांगून ठेवलंय, तू चारला आलास की खाली लिफ्टपाशीच हे तुझ्या हातात द्यायचं. तिथे बाक आहे, त्यावर बस. मध्येच उठून वर धावत येऊ नकोस आणि नेहमीच्या सवयीने शेवटचं पान आधी उघडू नकोस. मला हे ओळीने सांगायचंय, आणि तू मध्ये तोंड घालू शकणार नाहीस अशी ही आयुष्यातली पहिलीच संधी आहे.

जे तुला माहीत आहे आणि तू मान्य करत नाहीस, ते आधी. मी यातून उठत नाही. परवा मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या आणि खुर्ची ओढून माझ्यापाशी बसल्या. बावीस वर्षं हॉस्पिटलात काढली मी. डॉक्टरांच्या हातात करण्यासारखं काही असतं तेव्हा ते उभ्याउभ्या बोलतात. हाडांच्या आतला मगज, जिथे रक्त तयार होतं, तो पूर्ण रिकामा झालाय. पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीत, लिव्हर गेलंय, डोळे पिवळेजर्द झालेत ते तुला काचेतूनही दिसत असतील. जी काही जालीम औषधं होती ती देऊन झाली. मी बाईंना विचारलं, म्हणजे पाटीवर लिहून विचारलं, की किती दिवस. त्यांनी माझ्याच हातातलं पेन घेऊन पाटीवर ‘थोडे’ असं लिहिलं. शहाणी बाई आहे. मला आवडते ती.

आता जे तुला माहीत नाही ते.

तू माझ्या कामाची कायम टिंगल केलीस. ‘ताई बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवते’ असं तू वहिनीला लग्नाआधी सांगितलं होतंस, मला सगळं कळतं. तर ऐक, रक्तपेढीत चिठ्ठ्या चिकटवण्याखेरीज आम्ही काय करतो ते. काउंटरवर नातेवाईक येतात, बाह्या वर सारूनच येतात. माझं घ्या, माझ्या बापाला माझंच द्या, बाहेरच्या कुणाचं नको. प्रत्येकाला हेच वाटतं, की आपल्या माणसाचं रक्त सर्वांत चांगलं. आम्ही पहिला प्रश्न विचारतो, पेशंटशी नातं काय? मुलगा, बहीण, भाऊ, बाप असं उत्तर आलं की आम्ही हसून रक्त घेतो, आभार मानतो, बिस्किटं देतो, आणि ती पिशवी त्यांच्या माणसाला लावत नाही. ती दुसऱ्या कुणाला तरी जाते आणि त्यांच्या माणसाला तिसऱ्याच कुणाची तरी लागते. का, ते पुढे सांगते. जवळच्या नात्यातली पिशवी द्यायचीच असेल तर ती आधी किरणांच्या मशीनमधून काढावी लागते. ते मशीन आमच्याकडे नाही, शहराच्या दुसऱ्या टोकाला मोठ्या हॉस्पिटलात आहे, पिशवी जाऊन यायला दिवस मोडतो. म्हणून ही अदलाबदल. नातेवाइकांना आम्ही सांगत नाही. समाधानाने घरी जातात बिचारे, माझं रक्त बाबांना चढलं म्हणत. बावीस वर्षांत मी हे खोटं किती वेळा बोलले असेन, मोजदाद नाही. आमच्याकडची ती धाकटी टेक्निशियन, जिला सगळे चिमणी म्हणतात, तिला कामाला लागल्या दिवशी मी पहिलं हेच शिकवलं.

आता बाबांचं काढते. काढायचं नव्हतं, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. बाबांना श्वासाच्या मशीनवर ठेवायचं नाही हा निर्णय मी घेतला, एकटीने घेतला, कारण तू गाडीत होतास आणि तुझा फोन लागत नव्हता. ते योग्य होतं असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. पण तू पोचलास आणि ते गेल्याचं तुला वॉर्डच्या दारातल्या वॉचमनने सांगितलं. मी आत कागदांवर सह्या करत बसले होते. ती माझी चूक. वॉचमनच्या तोंडून कळायला नको होतं तुला. आणि मग तू सगळ्यांसमोर मला म्हणालास, ‘तू मारलंस बाबांना.’ आईसमोर म्हणालास. ते वाक्य मी सहा वर्षं उशाला घेऊन झोपले. दिवसभर काम करायचं, चहाला जायचं, हसायचं, आणि एखाद्या म्हाताऱ्या पेशंटचं नाव लेबलवर लिहिताना पेन थांबायचं, की खरंच मी मारलं का? तुझा राग आला, फार आला. तू मेलास तरी येणार नाही असंही मी चिमणीला एकदा म्हटलं होतं, माफ कर. पण रागाखाली दुसरं काय होतं ते तुला कधी कळलं नाही आणि मी कळू दिलं नाही.

मग माझं गर्भाशयाचं ऑपरेशन निघालं, आमच्याच हॉस्पिटलात. मी तुला कळवलं नव्हतं, आईने कळवलं असणार. ऑपरेशननंतर रक्तस्राव थांबेना, हिमोग्लोबिन सहावर आलं, मी वॉर्डात अर्धवट शुद्धीत पडलेले, आणि दारात तू. पोट सुटलेला, केस पांढरे झालेला, हाताला ग्रीस तसंच. सहा वर्षांनी. सिस्टरना विचारलंस, रक्त कुठे द्यायचं, आणि तिथेच शर्टाची बाही वर सारायला लागलास. ती बाही ग्रीसने घट्ट चिकटलेली, वर जाईना, आणि तू तिच्याशी झटापट करत होतास आणि रडत होतास. मी डोळे मिटून घेतले, कारण मी पाहिलंय हे तुला कळलं असतं तर तू पळून गेला असतास.

अर्ध्या तासाने चिमणी वर आली. क्रॉसमॅच जुळलंय, म्हणजे तुझं रक्त मला चालतंय, म्हणाली. माझ्या कानाशी वाकून तिने हळूच विचारलं, ‘ताई, नेहमीसारखं करू ना?’ म्हणजे अदलाबदल. फ्रिजमध्ये माझ्या गटाच्या दोन पिशव्या होत्या. मला ठाऊक होतं, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मीच मोजल्या होत्या. आणि मी तिला म्हटलं, ‘नको. त्याचीच पिशवी लाव.’

माझ्याच तोंडचा नियम तिने मला ऐकवायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, मी सांगतेय ना, मी तुझी सीनियर आहे, लाव. वरून तिच्यावर डोळे वटारले. मला धोका माहीत नव्हता असं नाही. पुस्तकात वाचला होता, चिमणीला शिकवला होता, पण इतकी वर्षं एकही केस डोळ्यांनी पाहिली नव्हती. हजारांत एक, मी कुठली ती एक असायला, असं म्हटलं. पण ते कारण नव्हतं. कारण एवढंच, की सगळ्या जगाशी मी ते खोटं बोलले, तुझ्याशी बोलवेना. तू दिलेलं माझ्या अंगात यावं असं मला वाटत होतं. एवढा अट्टल नियमवाला जीव माझा, आणि ऐन वेळी हट्टाला पेटले लहान पोरीसारखी. पिशवी लागली तेव्हा ती अजून कोमट होती. हाताला लावून पाहिली मी. फार बरं वाटलं, हे मात्र खरं आहे, आणि तेही तुला सांगायचंच होतं.

पुढचे नऊ दिवस आठवतात ना? मी सहा वर्षांत इतकी हसले नव्हते. तू डब्यात भात आणायचास आणि तो कायम गिचका झालेला असायचा, आणि दरवेळी वहिनीवर ढकलायचास. तू बाबांबद्दल काही बोलला नाहीस, मीही नाही. एकदा तू ‘ताई, ते…’ असं सुरू केलंस आणि मी म्हटलं, जाऊ दे रे, पाणी दे. आता वाटतं बोलू द्यायला हवं होतं.

दहाव्या दिवशी ताप आला. मग कानामागे आणि तळहातावर लाल पुरळ. औषधाची ॲलर्जी म्हणाले, औषध बदललं. मग जुलाब, इतके की माणूसपण राहत नाही. मग कावीळ. मग पांढऱ्या पेशी उतरायला लागल्या, रोज निम्म्या. कुणाला काही कळेना. डॉक्टरीणबाईंना एकटीला शंका आली. त्यांनी माझी जनुकीय तपासणी करायला सांगितली. माझ्या रक्ताचं सॅम्पल गेलं आणि लॅबमधून फोन आला की सॅम्पल चुकलंय, हे पुरुषाचं रक्त आहे.

मी चिमणीवर काय कडाडले! पाटीवर कडाडता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं. लेबल चुकवलंस, इतकी वर्षं काय शिकवलं मी तुला, असं सगळं मोठ्या अक्षरांत. दुसरं सॅम्पल गेलं. पुन्हा पुरुष. तिसऱ्याच्या वेळी मी सांगितलं, लेबल मी लिहिणार. नळीवर माझं नाव, तारीख, वेळ, माझ्या हाताने, ह्याच असल्या अक्षरात. तिसऱ्यांदाही पुरुषच आला. मग माझी मीच लेबलकडे बघत राहिले. चिमणीची माफी मागितली. तिला माझ्या आधी कळलं होतं.

मग त्यांना माझी स्वतःची जनुकं हवी होती, रक्ताशिवायची. चिमणीने माझी नखं कापली, मुळासकट चार केस उपटले. आणि तुझ्या गालाच्या आतून बोळा फिरवून नमुना घेतला, तो त्याच्याशी ताडून पाहण्यासाठी होता. तुला वाटलं, बोन मॅरो, म्हणजे तो हाडांतला मगज, जुळतोय का ते बघतायत. तसा तुझा समज झाला आणि मी तो होऊ दिला. तू वर्कशॉपात सगळ्यांना सांगून बसलास, ताईला मीच वाचवणार, रक्त दिलं तसा मॅरोही देणार. दर दिवशी काचेपलीकडून भुवया उंचावून विचारतोस, रिपोर्ट आला का. आला रे. सोमवारीच आला. माझी नखं माझी आहेत, केस माझे आहेत. रक्त सगळं तुझं आहे.

नीट समजून घे, घाबरू नकोस. प्रत्येकाच्या पेशींवर ओळखीच्या खुणांचे दोन संच असतात, एक आईकडून, एक वडलांकडून. त्यावरून शरीर ठरवतं, हा आपला, हा परका. आपल्या आईबाबांचा एक संच योगायोगाने सारखा होता. तुझ्या वाट्याला दोघांकडूनही नेमका तोच आला, म्हणजे तुझे दोन्ही एकच. माझ्याकडे एक तो आणि एक वेगळा. त्यामुळे तुझ्या पिशवीतल्या जिवंत पांढऱ्या पेशी माझ्यात आल्या तेव्हा माझ्या शरीराने त्यांना हटकलंच नाही. बाहेरच्या कुणाच्या असत्या तर दोन दिवसांत मारून टाकल्या असत्या. तुझ्या मात्र आपल्याच म्हणून राहू दिल्या. पण त्या पेशींना माझा तो दुसरा संच दिसला आणि त्यांनी मला परकी ठरवलं. कातडी, आतडी, लिव्हर, मगज, एकेक करून. किरणांच्या मशीनमध्ये याच पेशी निकामी करतात. एवढंच आहे ते सगळं. कुणाचा द्वेष नाही, कुणाचा शाप नाही, आणि तू मनात काय ठेवलं होतंस याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. ऐकतोयस ना? तू वाचताना काय विचार करणार ते मला इथे बसून दिसतंय.

चूक तुझी नाही. तू काय दिलंस हे तुला माहीत नव्हतं. मला माहीत होतं आणि मी घेतलं. चिमणीवर ओरडायला जाशील तर याद राख. तिने विचारलं होतं, मी गप्प बसवलं. तसं मी डॉक्टरीणबाईंना लिहूनही दिलंय, सही करून.

तर सोमवारी रिपोर्ट आल्यावर मी ठरवलं होतं, तुला सांगायचं नाही. डॉक्टरीणबाईंना हात जोडले. त्या म्हणाल्या, कधीतरी त्यांना सांगावंच लागेल. मी पाटीवर लिहिलं, मी गेल्यावर सांगा, महिन्याने, दोन महिन्यांनी, जरा सावरल्यावर. त्या कशाबशा तयार झाल्या. कारण आपल्या हातून आपलं माणूस गेलं, हे मनात घेऊन जगणं काय असतं ते मला ठाऊक आहे. सहा वर्षं जगले मी ते. मला तसं बोलून तू मोकळा झालास. पण तुला तेच, आणि तेही माझ्याकडून, द्यायचं माझ्या अगदी जिवावर आलं. सूड म्हणूनसुद्धा नको होतं मला. तू जन्मभर म्हणत राहिला असतास, मी ताईला रक्त दिलं होतं, पण बिचारीचं नशीब. तसंच राहू द्यावं असं वाटत होतं. मरताना माणसाला एवढी एक गोष्ट तरी देता यावी की नाही?

पण आज सकाळी वहिनीचा निरोप आला, चिमणीच्या फोनवर. तिने फोन माझ्या कानाशी धरला. तू माझ्यापासून लपवलंस, ते बरोबरच केलंस, पण वहिनीच्या पोटात राहिलं नाही. आई परवा बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, उद्या दुपारी तुमच्या घराजवळच्या हॉस्पिटलात ऑपरेशन आहे. आणि वहिनी मोठ्या कौतुकाने पुढे म्हणाली, ‘तुम्ही काळजी करू नका ताई, हे आहेत ना, सकाळीच जाऊन आईंनाही स्वतःचंच रक्त देणार आहेत.’ म्हणून लिहितेय, ठोंब्या. आईला रक्त देऊ नकोस. तिच्यातही तोच एक संच आहे, तिचंही शरीर तुला हटकणार नाही. तिथले लोक नातं विचारतील की नाही, त्यांच्याकडे मशीन आहे की नाही, मला माहीत नाही. मी डॉक्टरीणबाईंना त्यांना फोन करायला सांगितलंय, पण तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं. आईला कुणाचंही चालेल, रस्त्यावरच्या माणसाचं चालेल, फक्त तुझं नाही. तुझ्या पोरीलाही नाही, कधीच नाही. आईला काय कारण सांगायचं ते तू बघ. माझं नाव मात्र घेऊ नकोस, एका लेकराचं दुसऱ्यामुळे असं झालं हे तिला मरेपर्यंत कळता कामा नये. एवढं वाचून झालं की बाकावरच थोडा वेळ बस. मग वर ये. आज नाही जमलं तरी चालेल. नाही, चालणार नाही. उद्याचं माझं काही खरं नाही. ये, आणि काचेपाशी उभा राहा, हातवारे काही करू नकोस.

तुझीच,
ताई